पहिला हशा

१

पाहुण्या बाई तुरुंगात जाणार होत्या, आणि तेही बोललेल्या शब्दांसाठी नव्हे. बोलूनही न छापल्या गेलेल्या एका वाक्यासाठी.

सकाळी संस्थेच्या बैठकीच्या खोलीत सगळे उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कुणाला बसावंसं वाटत नव्हतं. टेबलावर पाहुण्या बाईंच्या देशातलं वर्तमानपत्र पडलं होतं. पहिल्याच पानावर त्यांचा फोटो होता.

ही संस्था सरकारी अनुदानावर चाले. देशोदेशीचे अधिकारी इथे येत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला सरकारी कामात कुठे शिरू द्यायचं, कुठे दारातच अडवायचं, याचे नियम कसे लिहावेत ते शिकत. शेवटच्या दिवशी एक बंद सत्र होई. फोन बाहेरच्या पेटीत ठेवायचे. ध्वनिमुद्रण करायचं नाही. आत जे बोललं जाईल ते आतच राहील.

काल त्या सत्रात पाहुण्या बाई आपल्या भाषेत बोलल्या होत्या. त्या त्यांच्या देशात पेन्शन खात्यात अधिकारी. सरकारने विकत घेतलेल्या यंत्रणेने जिवंत म्हाताऱ्यांना मृत ठरवलं, त्यांची पेन्शन बंद केली, आणि वरिष्ठांना हे ठाऊक असूनही यंत्रणा चालूच राहिली, असं त्यांनी सांगितलं. आज ते जसंच्या तसं पेपरात आलं होतं. दुपारच्या विमानाने परत या, असा हुकूमही आला होता. आरोप सरकारी गुपित परदेशात फोडल्याचा.

"मी आणखी एक वाक्य बोलले होते," पाहुण्या बाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं बाजूला उभी असलेली दुभाषी सांगत होती. "'हे सांगायची परवानगी मी आमच्या सचिवांकडून घेतली आहे.' तेवढं एकच वाक्य छापलेलं नाही."

"सचिवांना विचारा मग," कुणीतरी म्हणालं.

"परवानगी तोंडी होती. सचिव आता फोन उचलत नाहीत."

त्यांच्या दूतावासाचा माणूस खिडकीपाशी उभा होता. इंग्रजीत, कोरडेपणाने तो म्हणाला, "ते वाक्य काल सगळ्यांसमोर उच्चारलं गेलं असेल, तर ते मागाहून सुचलेलं निमित्त नाही. तसं तुमच्या मंत्रालयाने मला आज सांगितलं तर मी हा हुकूम थांबवू शकतो. नाहीतर विमानतळावर मीच त्यांना सोडायला जाईन."

"असं कुठलंही वाक्य बाई बोलल्या नाहीत," संचालक म्हणाले.

मानेपर्यंत रुळणारे पांढरे केस, संथ आवाज. बाईंच्या प्रदेशावर त्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि त्याच जोरावर ते या खुर्चीत बसले होते. "मला त्यांची भाषा येते. मी समोर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलंय. वाईट वाटतं, पण खोटं कसं बोलू?"

त्याच क्षणी दार उघडलं आणि खोलीतली उरलीसुरली ऊबही गेली. मंत्रालयातली दक्षता अधिकारी आत आली होती. तिला सगळे कात्री म्हणत, कारण तिचा हात लागलेलं अनुदान क्वचितच शाबूत राही.

"आलात?" उपसचिव म्हणाले. "काल फोनवर पोट भरलं नाही वाटतं?"

"काल तुम्ही फोन आपटलात," कात्री म्हणाली. "म्हणून स्वतः आले."

२

उपसचिवांना तिने बाजूला घेतलं. मंत्रालयातर्फे या कोर्सची काळजी वाहणं हे त्यांचं काम. कात्री गेलं वर्षभर हा कोर्स बंद करायच्या मागे होती. इथून शिकून गेलेल्या एका तरी अधिकाऱ्याने आपल्या देशात काही हलवून दाखवलं असेल, तर एक तरी दाखला द्या, असं तिने संस्थेला पुन्हा पुन्हा विचारलं होतं. दाखला आला नव्हता. रंगीत फोटो मात्र भरपूर आले होते.

"हे बघा," उपसचिव आवाज खाली आणत म्हणाले, "ही बातमी यंत्राने रचलेली आहे असं जाहीर करून टाकू. हल्ली कुणीही विश्वास ठेवेल. विषय संपला."

"आणि त्या बाई?"

"त्यांचा देश, त्यांचं सरकार."

"काल त्या बोलत होत्या तेव्हा तुम्ही कुठे होता?"

उपसचिवांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तुम्ही विचारताय? व्हरांड्यात फोनवर तुमच्याशीच भांडत होतो! परत आत गेलो तेव्हा बाई खाली बसल्या होत्या."

हे खरं होतं. कात्रीला ते आवडलं नाही, पण खरं होतं. या माणसाची बाजू घ्यायची वेळ येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग सल्लागार. ज्या कंपनीने ती यंत्रणा बनवली होती तिचा हा माणूस इथे पाहुणा व्याख्याता होता. तो पाय पसरून बसला होता.

"माझ्याच कंपनीची लक्तरं मी वेशीवर टांगेन का?" तो म्हणाला. "डोकं चालवा जरा."

"ते वाक्य ऐकलंत का?"

"मी इंग्रजी चॅनल ऐकत होतो. ऐकलं असेन, नसेन. सत्र बंद होतं. नियम मी मोडणार नाही."

"बाई तुरुंगात जातील."

"नियम तुमच्याच लोकांनी केलाय, मॅडम."

बाकीचे प्रशिक्षणार्थी एकमुखाने सांगत होते की ते वाक्य होतं. पण त्यांनाही बाईंची भाषा येत नव्हती. सगळ्यांनी ते हेडफोनवर, इंग्रजीतून ऐकलं होतं. संचालकांनी त्यांची साक्ष एका फटक्यात निकालात काढली. "इंग्रजीत सांगणाऱ्या दुभाषी बाईंनी ते वाक्य पदरचं घातलं. मैत्री झाली असेल. त्यांचा करार मी आजच रद्द करतोय."

संचालकांच्या खोलीत कात्री उभी होती. बसा म्हणायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. टेबलावर, पेनांच्या शेजारी, एका कानात घालायचं एक बारकं यंत्र चार्जिंगला लावलेलं होतं.

"हे काय?"

"दुभाष्यांचं काम ठीक चाललंय ना, ते अधूनमधून तपासतो. स्वतःसाठी मला त्याची गरज नाही." ते हसले. "बाई काय बोलल्या ते शब्दन् शब्द सांगू?"

त्यांनी सांगितलं. मृत ठरवलेले म्हातारे, बंद झालेली पेन्शन, गप्प बसलेले वरिष्ठ. मधेच म्हणाले, "इथे त्यांनी पाणी मागितलं. मग पुढे बोलल्या."

कात्रीने हातातला पेपर उघडला. मजकुराचं भाषांतर तिने सकाळीच करून घेतलं होतं. त्यातही पाहुण्या बाई मधेच पाणी मागत होत्या.

तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, पण ते तिने लगेच विझवलं.

"एक विचारू?" ती दारातून म्हणाली. "दूतावासाच्या माणसाशी तुम्ही इंग्रजीत का बोलता?"

"उपसचिवांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही," संचालक म्हणाले. "सभ्यता म्हणतात त्याला. तुमच्या खात्यात नसेल."

३

सभागृहाच्या मागच्या भिंतीला काचेच्या दोन केबिन लागून होत्या. एकीतून पाहुण्यांचं बोलणं आपल्या भाषेत येई. तो चॅनल एक. दुसरीतून इंग्रजीत, तो चॅनल दोन. एक नंबरच्या केबिनमध्ये बसणाऱ्या बाईंना सगळी संस्था वहिनी म्हणे आणि दोन नंबरच्या बाईंना वन्सं. त्या खरोखरच भावजय आणि नणंद होत्या. एकाच घरात खाली आणि वर राहायच्या. सासूला कुणी सांभाळायचं यावरून बोलणं तुटलं होतं. मधली काच दोघींनाही सोयीची होती.

वहिनी केबिनबाहेरच्या टेबलाशी गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. गळ्याभोवती ओढणी.

"ते वाक्य बाई बोलल्या का?" कात्रीने विचारलं.

"मी ते वाक्य सांगितलं नाही."

"मी ते विचारलं नाही."

वहिनींना खोकला आला, आणि तो थांबेना. उजवी मूठ तोंडावर आणि डाव्या हाताचा अंगठा टेबलाच्या कडेवर घट्ट दाबलेला. खोकला थांबल्यावर अंगठा सुटला.

"तुमच्या नणंदेची नोकरी जातेय."

"जाऊ दे. सासूबाईंना औषध दिलं का, हेसुद्धा मला नवऱ्यामार्फत विचारते ती. माझ्याकडून कसली अपेक्षा?"

वन्सं त्यांच्याहून कडक निघाल्या. "मी एक शब्दही पदरचा घातलेला नाही. बाई बोलल्या, मी सांगितलं."

"मग चॅनल एकवर ते का नव्हतं?"

वन्संनी काचेपलीकडे पाहिलं. पलीकडची खुर्ची रिकामी होती.

"ते तिला विचारा."

"तुम्ही काचेतून पाहिलं असेल."

"पाहिलं असेल. तिची चुगली मी करणार नाही. घरात तिच्याशी भांडायला मला शंभर कारणं आहेत. त्यात धंद्यातलं एकही नको."

कात्री पलीकडे जाऊन वहिनींच्या खुर्चीत बसली; वन्सं मागोमाग आल्या. समोर माइक, पाण्याची बाटली, आवाजाचं चाक. आणि डाव्या बाजूला, अंगठा आपोआप पडेल अशा जागी, एक तांबडं बटण.

"हे कशाचं?"

"खोकल्याचं," वन्सं म्हणाल्या. "दाबून धरलं की माइक मुका होतो. ऐकणाऱ्याच्या कानात खोकला जात नाही."

"आणि शब्द?"

"शब्दही जात नाहीत. म्हणून बटण सुटलं की राहिलेलं वाक्य पकडून घ्यायचं असतं." त्या थांबल्या. "समोरचा भराभर बोलत असला तर ते नेहमी जमत नाही. आणि जमलं नाही असं कबूल केलं, तर पुढचा करार मिळत नाही."

तेवढ्यात दारात आवाज आला. दूतावासाचा माणूस मनगट वर करून घड्याळ दाखवत होता. "गाडी आली आहे, मॅडम."

४

"सभागृहात सगळ्यांना बसवा," कात्री म्हणाली. "मला एकदा विचारू द्या, मग खुशाल न्या."

तो गेल्यावर ती वन्संकडे वळली. बाकीची गणितं जुळली होती. पेपरात पाणी मागितल्याचंसुद्धा छापलं होतं. वाक्य कापायला बसलेला माणूस आधी ते पाणी कापेल. म्हणजे बातमी देणाऱ्याने काही गाळलं नव्हतं. त्याच्या कानापर्यंत ते वाक्य पोचलंच नव्हतं. म्हणजे तो चॅनल एक ऐकत होता. इंग्रजी ऐकणारे सगळे सुटले, सल्लागारासकट. चॅनल एक ऐकणारे उपसचिव त्या वेळी व्हरांड्यात तिच्याच शिव्या खात होते. वहिनींनी ते वाक्य मुळात ऐकलेलं होतं. आपण गाळलेलं वाक्य बातमीतही गाळून त्या स्वतःची चूक जगाला का दाखवतील?

उरत कुणीच नव्हतं. समोर बसून बाईंच्या तोंडून थेट ऐकणारे संचालक तेवढे होते, आणि त्यांना तर ते वाक्य ऐकू यायलाच हवं होतं.

"इथून तुम्हाला सभागृह पूर्ण दिसतं," कात्री म्हणाली. "कुणी विनोद केला की काय होतं?"

"दोनदा हसतात," वन्सं म्हणाल्या. "पहिला हशा भाषा येणाऱ्यांचा. मग आम्ही सांगतो, तेव्हा दुसरा. आमचं काम कसं चाललंय ते आम्हाला दुसऱ्या हशावरून कळतं."

"पाहुण्या बाई विनोद करतात?"

"फार. भयंकर तिरकस."

"त्यांची भाषा येणारे समोर एकटे संचालक. म्हणजे त्यांच्या विनोदाला पहिला हशा एकट्या साहेबांचा."

वन्संनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्या आठवत होत्या. टेबलावर कोपर, डाव्या कानावर तळहात, विचारात बुडालेले साहेब. कोर्सचे सगळे दिवस त्यांनी काचेतून पाहिले होते.

"पहिला हशा," त्या हळूच म्हणाल्या, "कधी आलाच नाही."

५

सभागृहात पाहुण्या बाई बॅग पायाशी घेऊन बसल्या होत्या. दूतावासाचा माणूस त्यांच्या शेजारी. संचालक समोरच्या टेबलाशी, कोपर टेकवून, कानावर हात. उपसचिव आणि सल्लागार बाजूला. काचांमागे वहिनी आणि वन्सं.

"पाहुण्या बाईंना शेवटचं एक निवेदन करायचंय," कात्री म्हणाली.

दुभाष्यांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं. मी हात वर करेपर्यंत दोघींनीही एक शब्द बोलायचा नाही. वहिनींनी का म्हणून विचारलं तेव्हा कात्री म्हणाली होती, "तुमचं बटण मला कळलंय. निदान एकदा तरी ते चांगल्या कामासाठी दाबा."

पाहुण्या बाई उभ्या राहिल्या. संचालकांकडे बघत आपल्या भाषेत सावकाश, स्पष्ट बोलल्या. हेडफोन लावलेल्यांनी ते हलवून पाहिले. काही ऐकू येत नव्हतं. काचेमागे वन्संनी ओठ मिटून घेतले. दूतावासाचा माणूस चमकून आधी बाईंकडे आणि मग संचालकांकडे बघायला लागला.

संचालक गंभीरपणे मान डोलावत होते.

बाई बोलून थांबल्या. कुणी हललं नाही. दूतावासाचा माणूस संचालकांकडे बघतच होता.

"काही म्हणायचंय, साहेब?" कात्रीने विचारलं.

"बाईंच्या भावना मी समजू शकतो," संचालक म्हणाले. "पण माझं म्हणणं तेच आहे."

कात्रीने हात वर केला.

वहिनींचा आवाज चॅनल एकवर आला, दुभाष्यांच्या रीतीप्रमाणे बोलणाऱ्याच्याच तोंडून: "मी खोटं बोलले. ते वाक्य मी उच्चारलंच नाही, साहेबांचंच खरं आहे. साहेबांनी आत्ता नुसतं उभं राहून हो म्हणावं, म्हणजे मी सगळं कबूल करते आणि गाडीत जाऊन बसते."

संचालक ताडकन उभे राहिले. "हो! अगदी—"

आणि तसेच राहिले.

त्यांच्या समोर हेडफोन नव्हता. तो त्यांना कधीच लागत नसे. सभागृहातल्या सगळ्या माना त्यांच्या कानावरच्या हाताकडे वळल्या. हात हळूहळू खाली आला. पांढऱ्या केसांआड ते बारकं यंत्र होतं.

दूतावासाचा माणूस पहिल्यांदाच हसला. ते हसणं बघण्यासारखं नव्हतं.

"ही चीटिंग आहे," सल्लागार म्हणाला.

"हो," कात्री म्हणाली. "पण ज्याला भाषा येते तो अशा वेळी लगेच उभा राहतो. बाईंनी त्यांना जिंकायची संधी दिली होती. त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही."

"मी खोटं बोललो नाही!" संचालकांचा आवाज चिरकला. "ते वाक्य मी ऐकलंच नव्हतं!"

"माहीत आहे. म्हणून तर सापडलात. काल चॅनल एकवर ते वाक्य नव्हतं. का नव्हतं, ते वहिनी सांगतील."

काचेमागे वहिनींनी माइक जवळ ओढला. "मला खोकला आला होता. वाक्य माझ्याकडून गेलं. बाई ते बोलल्या होत्या, मी ऐकलंय. वन्संनी सांगितलं ते बरोबर होतं."

"त्या वेळी चॅनल एक ऐकणारे तुम्ही एकटे होता, साहेब," कात्री म्हणाली. "आणि पेपरात आलंय ते तुमच्या कानात गेलं तेवढंच. पाण्यासकट. का दिलंत?"

उपसचिवांनी आपला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

संचालक खाली बसले. जेव्हा बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, नुसता राग होता.

"दाखला हवा होता ना तुम्हाला? वर्षभर डोकं खाल्लंत. इथे शिकलेल्या एका तरी माणसाने काही हलवून दाखवलं का, म्हणून. दिला दाखला! एक सरकार हादरलं. आमच्या वर्गात उभी राहून एक बाई खरं बोलली. याच्यावर तुम्ही अनुदान कापून दाखवा."

"त्या बाईंचं काय होईल, ते सुचलं नाही?"

"त्यांचा पुतळा उभारतील एक दिवस," संचालक म्हणाले.

वन्संनी ते इंग्रजीत सांगितलं, जराही न चुकता. मग पुढे वाकून बाईंच्या भाषेतही. पाहुण्या बाई हसल्या नाहीत.

६

दूतावासाच्या माणसाने गाडी परत पाठवली. मंत्रालयाच्या वतीने कात्री जे बोलली ते त्याने दोनदा ऐकून घेतलं, दोन्ही वेळा थेट तिच्याकडे बघत. ते वाक्य काल, सगळ्यांसमोर, उच्चारलं गेलं होतं. हुकूम तूर्त थांबला.

संचालक आपल्या खोलीत गेले आणि दार आतून लावून घेतलं. उपसचिव कात्रीच्या मागे मागे काचेच्या केबिनपर्यंत आले. "आता अनुदानाचं काय लिहिणार?"

"जे दिसलं ते."

"म्हणजे कापणार."

"दाखला तर मिळाला ना मला," ती म्हणाली. आपला स्वतःचाच आवाज तिला आवडला नाही.

काचेपाशी दोघी सामान आवरत होत्या. वन्सं काचेकडे न बघता म्हणाल्या, "वाक्य गेलं की काच ठोकायची असते. मी हातवारे करून सांगितलं असतं."

"तुमच्याकडे मागू?" वहिनी म्हणाल्या. "घसा फुटला तरी नाही."

"नकोच मागू. आईचं औषध संपलंय. भावाला सांग म्हणजे झालं."

"तुम्हीच सांगा. तुमचा भाऊ आहे."

पाहुण्या बाई दाराशी थांबल्या. कात्रीकडे वळून आपल्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलल्या. आवाज मऊ होता, जवळजवळ प्रेमळ. उपसचिवांनी सवयीने मान डोलावली आणि हसले.

कात्रीने मान हलवली नाही. "मला कळलं नाही," ती काचेकडे बघत म्हणाली. "काय म्हणाल्या?"

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. बहुधा वर्षभरात पहिल्यांदाच.

"तसंच सांगू?"

"तसंच."

वहिनींनी घसा साफ केला. "आमच्याकडचं यंत्र माणसाला न विचारता मृत ठरवतं. तुम्ही आम्हाला बोलावता, बोलायला लावता, आणि मग आमचा दाखला करता. यापुढे तुमच्या पैशाने मला काही शिकवू नका."

उपसचिवांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"एवढंच?" कात्रीने विचारलं.

"एवढंच," पलीकडून वन्सं म्हणाल्या. "या वेळी तिने काही गाळलेलं नाही."